कार्तोला : टोपीवरून पडलेले टोपणनाव आणि रिओचा सांबा

ऑक्टोबर १९६४ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरात एका विवाहाची तयारी चालू होती. वर छप्पन्न वर्षांचे होते, वधू पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि दोघे गेली बारा-एक वर्षे एकत्रच राहत होते. विवाह नोंदणीसाठी जन्माचा दाखला काढण्यात आला, तेव्हा वराला एक नवीच गोष्ट समजली. आपले नाव आझेनोर आहे असे ते जन्मभर समजत आले होते. नोंदवहीत मात्र ते आंझेनोर असे लिहिलेले होते. जन्माची नोंद करणाऱ्या कारकुनाने एक अक्षर जास्त घातले होते. चूक दुरुस्त करायची तर अर्ज, शिक्के आणि हेलपाटे आले. वराने तो खटाटोप न करता त्या दिवसापासून आंझेनोर दि ओलिव्हेरा अशीच स्वाक्षरी करण्यास प्रारंभ केला. त्यांना फारसा फरक पडणार नव्हता, कारण या दोन्ही नावांनी त्यांना कोणीच ओळखत नव्हते. साऱ्या ब्राझीलला ते ठाऊक होते कार्तोला या नावाने.

पोर्तुगीज भाषेत कार्तोला म्हणजे उंच टोपी, सभा-समारंभात धनिक लोक घालतात तशी काळी, नळकांड्याच्या आकाराची. ब्राझीलमध्ये हा शब्द फुटबॉल क्लबांच्या बड्या पदाधिकाऱ्यांसाठीही वापरला जातो आणि त्यात आदरापेक्षा टोमणाच अधिक असतो. ज्या माणसाने आयुष्याचा मोठा भाग गवंडीकाम, रखवाली आणि मोटारी धुण्यात घालवला, त्याला हे नाव पडावे हा योगायोग गमतीचा खरा. पण ब्राझीलमध्ये तो अपवादात्मक नाही. या देशात माणसाचे कागदावरचे नाव एक आणि हाकेचे नाव दुसरे, ही सर्वसाधारण रीत आहे. कागदावरची आडनावे पुष्कळदा झाडा-रानांवरून आलेली असतात. ओलिव्हेरा म्हणजे ऑलिव्हचे झाड, परेरा म्हणजे नासपतीचे झाड आणि सिल्वा म्हणजे रान. गोव्यात आणि वसई परिसरात परेरा, डिसिल्वा ही आडनावे घरोघरी ऐकू येतात ती याच पोर्तुगीज वाटेने आलेली आहेत. एकाच आडनावाची लाखो माणसे असलेल्या समाजात ओळख पटवण्याचे काम मग टोपणनावाकडे येते.

कार्तोला यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०८ रोजी रिओच्या कातेते भागात झाला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येऊन तेव्हा केवळ वीस वर्षे झाली होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना शहरात मिळणारी कामे बहुधा स्वयंपाकघरातील, बांधकामावरील किंवा गोदीतील होती. त्यांचे आजोबा आचारी होते, आणि तेही साधेसुधे नव्हेत. १९०९-१० मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले नीलो पेसान्या यांच्या घरी ते स्वयंपाक करीत. आजोबांच्या या नोकरीमुळे कुटुंबाला बरे दिवस होते. मुलाचे बालपण लारांजेरास या वस्तीत गेले. या नावाचा अर्थ संत्र्याची झाडे. वडील कावाकिन्यो हे चार तारांचे छोटे वाद्य वाजवीत. मुलाने ते पाहून पाहूनच हातात घेतले आणि पुढे गिटारही आत्मसात केले. कार्निव्हलच्या दिवसांत वस्तीतील आरेपियादोस नावाच्या मंडळाच्या मिरवणुकीत सारे कुटुंब सामील होई. त्या मंडळाचे रंग हिरवा आणि गुलाबी होते. हे दोन रंग या मुलाच्या मनात कायमचे घर करून राहिले.

आजोबांच्या निधनानंतर घराची घडी विस्कटली. भाडे परवडेना, तेव्हा कुटुंब १९१९ च्या सुमारास मांगेइरा नावाच्या टेकडीवर राहावयास गेले. त्या वेळी टेकडीवर लाकडी फळ्यांची आणि पत्र्यांची मोजकीच घरे होती.

मांगेइरा म्हणजे आंब्याचे झाड. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबण्यास हरकत नाही. आंबा मूळचा दक्षिण आशियातील. पोर्तुगीजांनी मलबार किनाऱ्यावर त्याचे स्थानिक नाव ऐकले, त्याचा मांगा केला आणि फळासह तो शब्द अटलांटिकपलीकडे नेला. गोव्यात त्यांनी कलमे बांधण्याची कला रुजवली आणि हापूस, मानकुराद या नावांतून आपल्या भाषेचा ठसा मागे ठेवला. ब्राझीलमध्ये त्यांनी झाडच नेऊन लावले आणि ते तेथील मातीत इतके रुळले की ते परदेशी आहे हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. रिओचा तो परिसर आमरायांसाठी प्रसिद्ध होता. तेथे टोप्यांचा एक कारखाना निघाला आणि लोक त्याला आंब्यांचा कारखाना म्हणू लागले. १८८९ मध्ये रेल्वे स्थानक झाले, त्यालाही हेच नाव मिळाले आणि मग टेकडीलाही. आंबा आणि टोपी असे दोन्ही शब्द या टेकडीच्या पूर्वेतिहासात आधीच होते, असे म्हणावयास हवे.

मुलाचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. छापखान्यात काही काळ उमेदवारी केल्यानंतर तो बांधकामावर गवंडी म्हणून जाऊ लागला. वरून पडणारा सिमेंटचा राप केसांत बसू नये म्हणून तो डोक्यावर गोल घुमटाची एक टोपी घाली. वास्तविक ती कार्तोला नव्हेच, कार्तोलाची ठेंगणी बहीण म्हणता येईल अशी टोपी ती. पण बांधकामावरच्या सोबत्यांना एवढा बारकावा नको होता. मळक्या कपड्यांतील या पोरसवदा गवंड्याचा डोक्यापुरता रुबाब पाहून त्यांनी त्याचे नाव ठेवले आणि ते आजतागायत टिकले.

पंधरा-सोळाव्या वर्षी आईचे छत्र हरपले. मुलाचे रात्री-अपरात्री भटकणे, गाणे-बजावणे आणि मद्यपान वडिलांना मान्य नव्हते. बेबनाव विकोपाला गेला आणि मुलगा टेकडीवर एकटा पडला. काही काळ रेल्वेच्या डब्यांत झोपून काढला. प्रकृती ढासळली, आजारपण आले. त्या अवस्थेत शेजारच्या देओलिंदा या त्याच्याहून वयाने मोठ्या, विवाहित स्त्रीने त्याची शुश्रूषा केली. पुढे तिने पतीचे घर सोडून कार्तोला यांच्यासह संसार थाटला. धुणी-भांडी आणि स्वयंपाक करून घर बहुतांशी तिनेच चालवले. संगीताच्या इतिहासात देओलिंदाचे नाव फारसे येत नाही, पण कार्तोला यांची पहिली गाणी तिच्या मिळकतीवर उभी आहेत हे नोंदवणे आवश्यक आहे.

याच सुमारास त्यांना आयुष्यभराचा मित्र आणि सहगीतकार मिळाला, कार्लोस मोरेरा दि कास्त्रो. हे गृहस्थ रेल्वेत नोकरीस होते. मित्रांच्या बैठकीत कार्लोस नावाचे अनेक जण असत. त्यांपैकी काशासा ही उसाची दारू पसंत करणारा तो कार्लोस काशासा, अशी खूण ठरली. हे नाव घेऊन ते १९९९ पर्यंत, म्हणजे सत्त्याण्णव वर्षांचे होईपर्यंत जगले.

त्या काळात सांबा म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने उनाडक्यांचा उद्योग होता. गिटार घेऊन फिरणारा कृष्णवर्णीय तरुण भटक्या म्हणून कोठडीत जाऊ शकत असे. १९२५ मध्ये मांगेइरावरील तरुणांनी कार्निव्हलसाठी एक टोळके बांधले. त्याचे नाव आरेंगेरोस, म्हणजे भांडकुदळ. नाव सार्थ होते. मिरवणुकीपेक्षा मारामारीतच ते अधिक रमत. मात्र टेकडीवरील इतर कुटुंबांना अशा मंडळात स्थान नव्हते. तेव्हा एप्रिल १९२८ मध्ये काही जणांनी एकत्र येऊन सर्वांना सामावून घेणारी नवी संस्था स्थापन केली. संस्थापकांमधील कार्तोला हे तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. संस्थेचे नाव आणि रंग त्यांनीच सुचवले. रंग अर्थातच हिरवा आणि गुलाबी. नाव एस्तासाँव प्रिमेरा दि मांगेइरा, म्हणजे मांगेइरा, पहिले स्थानक. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाहून निघाल्यावर सांबा जेथे ऐकू येतो असे पहिले स्थानक हे, असा त्यामागचा अभिमान. संस्थेचे पहिले गीतही त्यांचेच होते आणि त्याचा आशय भांडणे पुरे झाली असा होता.

अशा संस्थांना ब्राझीलमध्ये सांबा शाळा म्हणतात. येथे वर्ग, परीक्षा असे काही नसते. वस्तीतील लोक वर्षभर तयारी करतात आणि कार्निव्हलमध्ये हजारोंच्या संख्येने, एकाच गीतावर आणि एकाच कथासूत्रावर मिरवणूक काढतात. १९३२ मध्ये रिओच्या एका क्रीडाविषयक वृत्तपत्राने या शाळांची पहिली स्पर्धा भरवली. ती मांगेइराने जिंकली.

त्याच्या थोडे आधी कार्तोला यांच्या आयुष्यात एक विलक्षण प्रसंग घडला होता. मारियो रेईस हे त्या काळचे गाजलेले गायक. त्यांना कार्तोला यांचे एक गीत विकत हवे आहे, असा निरोप टेकडीवर आला. गाणे विकत घेतात ही कल्पनाच कार्तोला यांना चमत्कारिक वाटली आणि आपली थट्टा चालली आहे असा त्यांचा समज झाला. ते पन्नास मिलरेईस मागणार होते, सोबत्याने पाचशे मागण्याचा सल्ला दिला आणि अखेर सौदा तीनशेवर तुटला. ते गीत पुढे फ्रान्सिस्को आल्विस यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर आल्विस यांनी कार्तोला यांची आणखी गाणी घेतली, कार्मेन मिरांडा यांनीही त्यांचे गीत गायले. टेकडीवरच्या रचनाकारांकडून गाणी विकत घेण्याची ही पद्धत त्या काळी सर्रास होती आणि खरेदीदार अनेकदा रचनाकार म्हणून स्वतःचेही नाव लावून टाकीत. कार्तोला यांनी आपले नाव तबकडीवर राहील असा आग्रह धरला, हे विशेष म्हटले पाहिजे. पैसा मात्र हातात टिकला नाही.

ऑगस्ट १९४० मध्ये प्रसिद्ध वाद्यवृंद संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की हे उरुग्वे नावाच्या जहाजाने रिओच्या बंदरात आले. ब्राझीलचे अस्सल लोकसंगीत ध्वनिमुद्रित करण्याची त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी कलावंत जमवण्याचे काम त्यांनी ब्राझीलचे श्रेष्ठ संगीतकार व्हिला-लोबोस यांच्यावर सोपवले. व्हिला-लोबोस कार्तोला यांचे चाहते होते. पिशिंगिन्या, दोंगा, जुआंव द बायाना अशा दिग्गजांसमवेत कार्तोलाही मांगेइराच्या गायकांचा ताफा घेऊन जहाजावर चढले आणि कार्लोस काशासा यांच्यासह रचलेले एक गीत त्यांनी तेथे गायले. त्यातील निवडक ध्वनिमुद्रणे १९४२ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाली. आपला आवाज पुन्हा तबकडीवर येण्यासाठी कार्तोला यांना बराच काळ वाट पाहावी लागणार होती.

चाळीसच्या दशकाच्या मध्यास मेंदूज्वराने त्यांना गाठले. ते वाचले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. त्याच सुमारास देओलिंदा हृदयविकाराने मरण पावली. मांगेइरा शाळेतही आता नवी माणसे होती आणि त्यांना जुन्या माणसाची गाणी नको होती. कार्तोला टेकडी सोडून गेले. कोठे गेले हे फार थोड्यांना ठाऊक होते. काही वर्षे अशीच गेली आणि त्यांचा मृत्यू झाला असावा, असे अनेकांनी गृहीत धरले.

त्यांना परत आणले ते एउझेबिया सिल्वा दो नासिमेंतो यांनी. या बाईंना सारे झिका म्हणत. त्या मांगेइराच्याच, विधवा, कार्लोस काशासा यांच्या मेव्हणी. १९५२ च्या सुमारास त्यांनी व्यसनाने खंगलेल्या कार्तोला यांचा शोध घेतला आणि त्यांना टेकडीवर परत आणले. एका थोर कलावंताला एका स्त्रीने वाचवले, अशी ही कथा नेहमी सांगितली जाते. ती खरीच आहे. मात्र कार्तोला यांच्या बाबतीत हे दोनदा घडले, हे सहसा कोणी सांगत नाही.

परतल्यावरही पोटाचा प्रश्न होताच. ते इपानेमा या समुद्रकिनाऱ्यालगतच्या श्रीमंत वस्तीत इमारतींची राखण करीत आणि रात्री तेथील मोटारी धूत. १९५६ च्या सुमारास एका पहाटे पत्रकार सेर्जिओ पोर्तो हे एका लहानशा उपाहारगृहात शिरले. अंगावरचे कामाचे कपडे ओले झालेला एक सडपातळ, प्रौढ माणूस तेथे बसलेला त्यांना दिसला. चेहरा ओळखीचा वाटला. पोर्तो यांचे मामा लुसिओ रांजेल हे नामवंत संगीत समीक्षक होते आणि कार्तोला यांना दिव्य हे विशेषण त्यांनीच जोडले होते. ज्याला घरातील मोठी माणसे दिव्य म्हणत, तो माणूस लोकांच्या मोटारी धुऊन दमून बसला होता. पोर्तो यांनी वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी लिहिले, त्यांना रेडिओवर नेले आणि नोकरीसाठी खटपट केली. ती नोकरी आधी एका दैनिकाच्या कार्यालयात आणि नंतर उद्योग व वाणिज्य मंत्रालयात मिळाली. पद शिपायाचे. कागद पोहोचवणे आणि साहेबांना कॉफी देणे हे काम. कार्तोला यांनी त्याबद्दल कधी कुरकूर केल्याचे दिसत नाही.

झिका यांच्या हाताला चव होती. कार्तोला आणि त्या शहराच्या मध्यभागी एका इमारतीत राहू लागल्या तेव्हा त्यांच्याकडे जेवणाच्या निमित्ताने गायक-वादकांचा राबता सुरू झाला. त्यातूनच काही मित्रांच्या भांडवलावर १९६३ मध्ये कारिओका रस्त्यावर एक खाणावळ निघाली. झिका आणि कार्तोला ही दोन्ही नावे जोडून तिचे नाव झिकार्तोला ठेवण्यात आले. खाली स्वयंपाकघरात झिका काळा राजमा आणि मांस घालून शिजवलेला फेजोआदा रांधीत, आणि बाहेर टेकडीवरचे सांबा रचनाकार व विद्यापीठातील तरुण एकाच टेबलाशी बसत. एप्रिल १९६४ मध्ये देशात लष्करी राजवट आली, तेव्हा तर या जागेला वेगळेच महत्त्व प्राप्त झाले.

तेथे जमणाऱ्यांची नावे पाहिली तरी ब्राझीलच्या नामकरणाचा एक धडा होतो. लहानपणी फार बोलत नसे म्हणून शांत झे असे म्हटले गेलेला झोझे फ्लोरेस दि झेझुस हा झे केती झाला होता. नेल्सन आंतोनिओ द सिल्वा यांचे नाव हातातील वाद्यावरून नेल्सन कावाकिन्यो पडले होते. मांगेइराचेच नेल्सन मातोस सैन्यात सार्जंट होते, म्हणून नेल्सन सार्जेंतो. बँकेत नोकरी करणारा पाउलो सेझार नावाचा एक लाजाळू तरुण तेथे गिटार वाजवीत असे. हे नाव सांबा गायकाला शोभत नाही असे जाणत्यांचे मत पडले आणि त्याचा पाउलिन्यो द व्हियोला झाला. आज ब्राझीलमधील ज्येष्ठ संगीतकारांत त्यांची गणना होते. नारा लेआंव या उच्चभ्रू वस्तीतील तरुण गायिकेने कार्तोला आणि एल्तोन मेदेरोस यांचे गीत १९६४ मधील आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत घेतले. पुढे गाजलेल्या ओपिनियाँव या रंगमंचीय कार्यक्रमाची बीजेही याच खाणावळीत पडली. एवढे सारे झाले, पण हिशेबाची बाजू मालकांना जमली नाही आणि १९६५ मध्ये झिकार्तोला बंद पडली.

प्रारंभी उल्लेखिलेला विवाह याच दिवसांतला. त्यानंतर मांगेइराच्या पायथ्याशी मिळालेल्या जागेवर कार्तोला यांनी घर बांधले. गवंडीकाम त्यांना येत होतेच. अंगणात झिका यांनी गुलाब लावले. एके दिवशी रोपांना अचानक पुष्कळ फुले आलेली पाहून झिका यांनी आश्चर्याने कारण विचारले. आपल्याला काय ठाऊक, गुलाब काही बोलत नाहीत, अशा अर्थाचे उत्तर कार्तोला यांनी सहज दिले आणि ते शब्द त्यांच्या मनात घोळत राहिले. ‘गुलाब बोलत नाहीत’ हे त्यांचे सर्वांत लोकप्रिय गीत त्यातून जन्माला आले. तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते.

१९७४ मध्ये मार्कुस परेरा यांच्या लहानशा ध्वनिमुद्रण संस्थेने कार्तोला यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आणि पहिले गीत विकल्यावर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी. आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण शब्दांवर जोर न देता, बोलल्यासारखे गाण्याची त्यांची पद्धत त्या आवाजाला शोभून दिसली. १९७६ मधील दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर ते आणि झिका घराच्या खिडकीत दिसतात. याच ध्वनिमुद्रिकेत गुलाबांच्या गीताबरोबर ‘जग हे जाते आहे’ या अर्थाचे शीर्षक असलेले दुसरे गीतही आहे. घर सोडून निघालेल्या तरुण मुलीला वडीलधाऱ्याने दिलेला तो इशारा आहे. जगाला जात्याची उपमा देणे भारतीय श्रोत्याला नवे नाही. कार्तोला यांच्या गीतात मात्र वैराग्य नाही, आपण भरडलो गेलो आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाची काळजी आहे. आणखी दोन ध्वनिमुद्रिका १९७७ आणि १९७९ मध्ये निघाल्या. एवढेच त्यांचे स्वतःच्या आवाजातील मुख्य भांडार, अवघ्या चार तबकड्या.

वडिलांशी दीर्घकाळ तुटलेले नातेही उतारवयात जुळले. त्या काळचे एक चित्रण उपलब्ध आहे. त्यात कार्तोला गिटार घेऊन आपल्या वृद्ध पित्यासमोर गात आहेत. गात आहेत ते जात्याचेच गीत. ज्या गाण्या-बजावण्यावरून घर मोडले होते, तेच वडील शांतपणे ऐकत आहेत.

प्रसिद्धीबरोबर घरी येणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा १९७८ मध्ये दोघे मांगेइरा सोडून जाकारेपाग्वा या शांत भागात राहावयास गेले. कर्करोगाने शरीर पोखरण्यास सुरुवात केली होती. २७ नोव्हेंबर १९८० रोजी कवी कार्लोस ड्रुमाँद दि आंद्राजी यांनी वृत्तपत्रात कार्तोला यांच्यावर लेख लिहिला. ड्रुमाँद हे आधुनिक ब्राझिलियन कवितेतील सर्वांत मोठे नाव. प्राथमिक शाळेपुढे न गेलेल्या गीतकाराला त्यांनी आपल्या बरोबरीचा कवी मानून लिहिले होते. तीन दिवसांनी, ३० नोव्हेंबर १९८० रोजी, कार्तोला यांचे निधन झाले. ते बहात्तर वर्षांचे होते.

अंत्यविधी काजू येथील दफनभूमीत झाला. शवपेटीवर त्यांच्या आवडत्या फ्लुमिनेन्से फुटबॉल क्लबचा आणि मांगेइराचा असे दोन ध्वज होते. जमलेल्यांनी त्यांच्या इच्छेनुसार गुलाबांचे गीत म्हटले. मांगेइराचे वादक वाल्देमिरो यांनी त्या वेळी मोठ्या ढोलावर ठेका धरला. ढोलाला कातडे कसे चढवावे हे त्यांनी पूर्वी कार्तोला यांच्याकडूनच शिकून घेतले होते.

झिका यांचे निधन २००३ मध्ये झाले. त्यापूर्वी, २००१ मध्ये, नातवंडांनी टेकडीजवळ कार्तोला सांस्कृतिक केंद्र सुरू केले होते. रिओच्या सांबा प्रकारांना राष्ट्राचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता मिळावी यासाठीची सविस्तर कागदपत्रे याच केंद्राने तयार केली आणि २००७ मध्ये ब्राझीलच्या वारसा संस्थेने ती नोंद केली. केंद्राचे पुढे सांबा संग्रहालयात रूपांतर झाले.